भाऊ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलमधल्या बॉटशी बोलतो, काय करावं?

सिन्नरची_ताई:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल. धाकटा भाऊ 26 वर्षांचा, हिंजवडीला आयटीत आहे, अमेरिकेच्या क्लायंटचा सपोर्ट त्यामुळे झोपेचं काही खरं नाही. दिवाळीला घरी आला तर फराळाच्या ताटाला हात नाही, नुसता गच्चीवर जाऊन बसायचा. एका रात्री मला जाग आली तर हा पांघरुणात मोबाईल धरून टाईप करतोय. वाटलं कोणी मुलगी असेल, चला बरंच आहे. सकाळी विचारलं तर म्हणाला ताई तो बॉट आहे, म्हणजे माणसासारखं उत्तर देणारं मशीन, मेंटल हेल्थचं अॅप, कंपनीनेच दिलंय. त्यात खऱ्या काउन्सेलरची सहा सेशन्स पण फुकट आहेत, पण ती हा घेत नाही कारण एचआरला कळेल अशी भीती.

आईचं म्हणणं लग्न लावून द्या, आपोआप लागेल मार्गी. मला ते पटत नाही, पण मशीनशी बोलून माणूस बरा होतो हेही पटत नाही. या अॅपचा खरंच उपयोग होतो का, तो जे लिहितो ते कोण वाचतं, आणि त्याच्याशी मराठीत बोलेल असं कोणी मिळेल का? इंग्रजीत तो ऑफिसचं सगळं बोलतो, पण मनातलं बोलताना अडखळतो.

कोडवाला_कोल्हापूर:

ताई, मी बंगळुरूला अशाच एका स्टार्टअपमध्ये तीन वर्षं काम केलंय, नाव लिहीत नाही. आतून जे बघितलं ते सांगतो.

आधी हे की ही सगळी अॅपवाली मंडळी एकाच माळेचे मणी नाहीत. वायसा हे पेंग्विनवालं अॅप जो अगरवाल आणि रमाकांत वेंपती यांनी बंगळुरूत सुरू केलं. युअरदोस्त 2014 चं, ऋचा सिंग आयआयटी गुवाहाटीला असताना त्यांच्या होस्टेलमधल्या एका मुलीने आत्महत्या केली, त्यातून ते सुरू झालं. तिथे समोर खरी माणसं असतात. मुंबईचं अमाहा, आधी त्याचं नाव इनरअवर होतं, ते डॉ. अमित मलिक या मानसोपचारतज्ज्ञाने काढलंय, तिथे अॅपच्या जोडीला सायकियाट्रिस्ट आणि क्लिनिक पण आहे.

आता बॉट काय करतो. जुन्या पद्धतीच्या बॉटमध्ये तुम्ही लिहिलेलं वाक्य कुठल्या खणात बसतं ते मशीन ठरवतं, म्हणजे झोप, राग, ऑफिस, एकटेपणा असं, आणि मग मानसतज्ज्ञांनी आधीच लिहून ठेवलेलं उत्तर देतं. बहुतेक सगळं सीबीटीवर (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) चालतं, म्हणजे मनात काय विचार आला, त्याने काय वाटलं, मग तुम्ही काय केलंत, आणि तो विचार कितपत खरा आहे हे पुन्हा तपासायचं. हे एका जागी बसून लिहिण्यात फायदा आहे, मी स्वतः वापरलंय. नुसता हलका ताण किंवा काळजी असेल तर मदत होते, त्यावर अभ्यासही झालेत. पण हल्ली लोक सरळ चॅटजीपीटीशी मनातलं बोलतात ते वेगळं प्रकरण. तिथे उत्तर आधी कोणी तपासलेलं नसतं, आणि तो तुमच्या हो ला हो म्हणत जातो.

मला अजून टोचणारी एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे धोक्याच्या शब्दांची यादी होती, त्यातलं काही लिहिलं की बॉट थांबायचा आणि हेल्पलाईनचा नंबर दाखवायचा. यादी इंग्रजीत छान होती, नंतर हिंदी झाली. एक दिवस टेस्टिंगला मी मुद्दाम इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप केलं, ‘जीव नकोसा झालाय’. बॉटने विचारलं, आज पाणी पुरेसं प्यायलात का? मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. आपला माणूस ‘मला डिप्रेशन आलंय’ असं कधी म्हणत नाही हो, तो म्हणतो करमत नाही, कशात जीव लागत नाही, सुटलो तर बरं. पुढे आम्ही ती वाक्यं घातली, पण सगळ्यांनी घातली असतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून भाऊ कुठल्या भाषेत टाईप करतो ते नक्की विचारा.

एचआरचं म्हणाल तर आमच्याकडे कंपनीला फक्त आकडे जायचे, या महिन्यात किती जणांनी वापरलं एवढंच, नाव नाही, चॅट तर नाहीच. पण हे करारावर असतं, भावाने अॅपच्या सपोर्टला मेल टाकून लेखी विचारावं. भीती अगदीच पोकळ नाही. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाईन काउन्सेलिंगच्या कंपनीने लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक-स्नॅपचॅटला दिली म्हणून तिथल्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, 2023 मध्ये कारवाई केली, 78 लाख डॉलर द्यावे लागले. आणि दुसरं, स्टार्टअप आहे, ते बंदही पडू शकतं. वोबॉट हे असंच बॉटचं केवढं गाजलेलं अॅप, 30 जून 2025 ला बंद झालं. ज्याच्याशी रोज रात्री बोलायची सवय लागली तेच एक दिवस नाही, हा विचार पण करून ठेवावा लागतो.

समुपदेशक_ठाणे:

वरच्या दादांनी फार नेमकं लिहिलंय. मी सोळा वर्षं काउन्सेलिंग करते, माझे काही क्लायंट दोन सेशनच्या मधल्या आठवड्यात अॅप वापरतात आणि मी त्यांना अडवत नाही, कारण रात्री दोन वाजता मी फोन उचलू शकत नाही हे खरं आहे.

ताई, आधी एक काम करा. त्याला एकट्याला गाठून शांतपणे विचारा, ‘जगू नये असं कधी मनात येतं का?’ असं विचारल्याने ते डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. तो हो म्हणाला तर मग अॅप वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. नाही म्हणाला तरी दोन आठवड्यांहून जास्त दिवस जेवण-झोप बिघडलेली असेल तर दाखवायचंच. थायरॉईड, बी-12 तपासून घ्या, नाईट शिफ्टची पोरं उन्हात जातच नाहीत, व्हिटॅमिन डी पण बघा.

मराठीचं विचारलंत, तर 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाला, बंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, त्याचं मुख्य केंद्र. भाषा निवडता येते, मराठी आहे. टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आयकॉल हेल्पलाईन पण आहे, तिथे शिकलेले काउन्सेलर बोलतात.

अॅपवरून माणूस निवडताना त्याच्या नावापुढे काय आहे ते बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन नंबर असतो, बिनधास्त मागा, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर, या दोघांत औषध तोच देतो. ‘वेलनेस कोच’, ‘लाईफ कोच’ मात्र कोणीही लावू शकतं.

आणि त्याच्या हातातून मोबाईल काढून घेऊ नका. तो जे काय बोलतोय ते सध्या तिथेच बोलतोय.

अंबाजोगाईचा_मी:

माझा अनुभव लिहितो चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या गावापासून मानसोपचाराचा डॉक्टर म्हणजे दीड तास एसटी आणि तिथं वेटिंगला ओळखीचा माणूस भेटतोच आणि दुसऱ्या दिवशी गावभर की ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून मी दोन वर्षं गेलोच नाही, वडील गेल्यापासून कर्जाचं सगळं माझ्यावर आलं तेव्हापासून छातीत धडधड व्हायची, ईसीजी दोनदा काढला नॉर्मल आला. मग बहिणीने मोबाईलवर एक अॅप टाकून दिलं त्यात व्हिडिओवर बोलायची सोय होती, आठशे रुपये एका वेळेचे, घरात पाच माणसं दोन खोल्या मग बोलणार कुठं, तर मी शेतातल्या मोटारीच्या खोलीत जायचो, स्टार्टरच्या पेटीवर मोबाईल टेकवायचा आणि पोत्यावर बसायचं, लाईट आली की मोटार सुरू व्हायची आणि मॅडमला काही ऐकू जायचं नाही, मग त्या म्हणायच्या थांबू आपण, होऊ द्या पाणी. त्या सोलापूरच्या होत्या. ‘जीव घाबरा होतो’ म्हटलं की त्यांना समजावून सांगावं लागायचं नाही. सात वेळा बोललो. धडधड आता महिन्यात एखाद्या वेळी होते आणि काय करायचं ते माहिती आहे. कर्ज आहे तसंच आहे पण झोप लागते.

बॉट पण होता त्यात, तो मला जमला नाही, वडिलांचं लिहिलं तर श्वासाचा व्यायाम दाखवायचा. पण तुमच्या भावाला जमत असेल तर त्याचं त्याला माहीत.

हिंजवडी_फेज3:

सगळं बरोबर आहे पण एक बोलू का, कंपन्या अॅप वाटतात आणि रोस्टर तेच ठेवतात याचा मला भयंकर राग येतो. माझ्या टीममध्ये आठ माणसांचं काम पाच जण करतायत, आणि दर सोमवारी मेल येतो की टेक अ माइंडफुल मिनिट. ताई, भावाचा ऑन-कॉल, म्हणजे फोन आला की कामाला बसायची ड्युटी, आठवड्यात किती आहे ते विचारा. माझी झोप सुधारली ती मॅनेजरशी भांडून शिफ्ट बदलून घेतल्यावर, त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी कामाला आली.

कोडवाला_कोल्हापूर:

@हिंजवडी_फेज3 शंभर टक्के. आम्ही डेमो द्यायला जायचो तेव्हा एचआर विचारायचे वापर किती टक्के वाढेल, कामाचे तास किती हे आम्ही विचारलं की विषय बदलायचा. स्टार्टअपला पैसे कंपनी देते, वापरणारा नाही, मग जोर पण तिकडेच जातो.

सिन्नरची_ताई:

सगळ्यांचे मनापासून आभार, ठाण्याच्या मॅडम तुमचे विशेष. शनिवारी पुण्याला गेले, आईला मुद्दाम नेलं नाही. चहा पिता पिता विचारलं, तुम्ही लिहिलं होतं तसंच. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, मरावंसं वाटत नाही गं ताई, पण सकाळी उठायचं कशाला ते कळत नाही. आठ महिने झाले म्हणे. आठ महिने, आणि मी दर रविवारी फोन करून विचारत होते जेवलास का.

त्याचं चॅट त्यानेच उघडून दाखवलं. बॉटला सगळं इंग्रजीत लिहिलंय, एका जागी फक्त ‘कसंतरी होतंय’ असं होतं आणि बॉटने म्हटलंय मला समजलं नाही, वेगळ्या शब्दांत सांगाल का. त्यानंतर त्याने लिहिलंय, ‘आय अॅम फाईन’.

माझ्यासमोरच 14416 लावला, मराठी घेतलं, मी बाहेर जाऊन उभी राहिले. पंचवीस मिनिटं बोलला. बुधवारी औंधला सायकियाट्रिस्टची वेळ घेतलीय. अॅपच्या सपोर्टला पण मेल केला, एचआरला नाव जात नाही असं लेखी उत्तर आलंय, तर पहिलं सेशन बुक केलंय आणि मराठी बोलणारं माणूस हवं असं खाली लिहिलंय. ऑन-कॉल महिन्यात बारा दिवस आहे, त्याचं डॉक्टरना भेटल्यावर बघू.

कोल्हापूरच्या दादा, तेवढं एक सांगा, ते जुनं चॅट अॅपमधून डिलीट केलं तर त्यांच्याकडून पण पुसलं जातं का, की त्यासाठी वेगळा मेल करावा लागतो? तो विचारतोय.