कापडी होडीवर इपॉक्सी नको
सांगाड्यावर कापड ताणून केलेल्या होडीत पाणी झिरपू नये म्हणून काय लावावं, या प्रश्नावर 'इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) सगळ्यात मजबूत, तेच लावा' असं उत्तर वर आलंय, ते लाकडी होडीला ठीक. कापड सांगाड्यावर सतत लवतं आणि कडक थर सांगाड्याच्या लांब पट्ट्यांच्या कडेला तडकतो. पॉलिएस्टर कापडावर लवचीक ऑइल-बेस व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन बरं. पहिला हात किंचित पातळ करून विणीत मुरेल असा घासून लावा. आत उतरलेले ओघळ लगेच पुसा, वाळल्यावर निघता निघत नाहीत.

राहिला पॉलिशपेपर, ज्याबद्दल कुणीच बोललेलं नाही. आधीचा हात जरा चिकट असतानाच पुढचा द्यावा, म्हणजे मधे घासायची वेळच येत नाही. वीण पुरती झाकण्याआधी पेपर मारलात तर धागे कापले जातात, लव उभी राहते आणि नेमकं तिथूनच पाणी झिरपतं. पट्ट्यांच्या कडांवर तर पेपर नेऊच नका.