६×४ घोड्यावर नवीन टर्न टेबल: २ इंची की साडेतीन इंची, आणि बसवायचं कुठे?

तळोजा_ट्रेलर

नमस्कार मंडळी. जुना ६×४ घोडा (ट्रेलर ओढणारं पुढचं वाहन) घेतलाय, पासिंग (ट्रेलर-मालासकट परवानगीचं एकूण वजन) ५५ टनांचं. रिकामा घोडा काट्यावर ९ टन भरतो, पुढच्या अ‍ॅक्सलवर ५ आणि बोगीवर (मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या जोडीवर) ४. टर्न टेबल (घोड्यावरची प्लेट, जिच्यावर ट्रेलरचं नाक टेकतं आणि जिच्या जबड्यात ट्रेलरची पिन अडकते) पार झिजलंय, ब्रेक मारला की ट्रेलर मागून धक्का देतो, म्हणून नवीन बसवायचं आहे.

ट्रेलर तीन आहेत. दोन ४० फुटी स्केलेटल (कंटेनरसाठीची नुसती चौकट), न्हावा शेव्याहून तळोजा आणि भिवंडीला कंटेनर नेतात, दोन्हींची किंगपिन (ट्रेलरच्या नाकाखालची पोलादी पिन) २ इंची. तिसरा लो-बेड (बसक्या तळाचा ट्रेलर), कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या प्लेटा आणि कधीमधी मशिनरी वाहतो, त्याची पिन साडेतीन इंची.

फिटर म्हणतो, साडेतीनचंच टेबल टाका, मजबूत असतं, स्केलेटलच्या पिनांवर बुश चढवून देतो. हे चालेल का? दुसरं, आधीच्या मालकाने टेबल बोगीच्या बरोबर मध्यावर बसवलंय, तिथेच ठेवू का? सेकंडहँड टेबल निम्म्या किमतीत मिळतंय, तेही सांगा.

---

चेसिसमाप

बुशचं आधी बोलतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. बुश चढवू नका. २ इंची पिनेची मान (जबडा धरतो तो बारीक भाग) नवी असताना ५०.८ मिमी असते, साडेतीनची ८९ मिमी. म्हणजे चारही बाजूंनी १९ मिमीची पोकळी तुम्ही एका सुट्या नळीने भरणार. टेबलाचा जबडा पिनेला नुसता वेढत नाही. मान धरतो आणि खालच्या जाड कॉलरमुळे पिन वर निसटू देत नाही. दोन्ही पिनांची कॉलर वेगळी, लांबीही वेगळी: प्लेटपासून खाली २ इंची साधारण ८४ मिमी, साडेतीनची ७४ मिमी. बुश चढवलं की ही पकड मापात राहतच नाही. प्रत्येक ब्रेकला नळी पुढे-मागे आपटते, आठवडाभरात सैल होते, आणि मग खड्ड्यात ट्रेलर उसळला की जबड्याबाहेर.

आता 'मजबूत' म्हणजे किती ते गणिताने बघा. टेबल डोळ्यांनी जाड दिसतं म्हणून घ्यायचं नसतं. त्यावर दोन आकडे कोरलेले असतात: 'डी' म्हणजे ओढण्याची क्षमता किलोन्यूटनमध्ये, आणि 'यू' म्हणजे वरून बसणारं वजन टनांत. तुम्हाला किती लागतं ते असं काढतात:

डी = ९.८१ × ०.६ × टी × आर ÷ (टी + आर − यू)

टी म्हणजे टेबलावरच्या वजनासकट भरलेला घोडा, आर म्हणजे मालासकट ट्रेलर. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर तुमच्या घोड्याला पुढे ७ टन आणि बोगीवर २१ टन, म्हणून टी २८. रिकामा घोडा ९ वजा केला की यू १९. आर म्हणजे ५५ वजा ९, ४६. उत्तर येतं जवळपास १३८ किलोन्यूटन. २ इंची टेबलांचा प्रमाणित जी-५० वर्ग १५० किलोन्यूटन आणि २० टनांचा असतो. म्हणजे ५५ टनांच्या आत राहिलात तर २ इंची पुरतं, पण वरून बसणाऱ्या वजनात फक्त एका टनाची सवलत उरते, हे ध्यानात ठेवा. (तुलनेसाठी, ४५.५ टनांच्या ४×२ घोड्याला हाच हिशेब ९२ च्या आसपास येतो. तिथे २ इंचीला काहीच ताण नाही.)

माझं मत: २ इंची घ्या. तुमचं रोजचं काम कंटेनरचं आहे आणि त्या लाईनीत सगळे २ इंचीवर चालतात. तुमचा घोडा पळस्पे फाट्यावर बंद पडला तर दुसऱ्या कोणाचाही घोडा येऊन ट्रेलर उचलू शकतो. स्केलेटलला साडेतीनची पिन लावून बसलात तर ही सोय गेली.

---

किंगपिन_८९

चेसिसमाप यांचा हिशेब बरोबर आहे, पण लो-बेडचं तेवढ्यावर सोडू नका. परवानगी काढून ५५ च्या वरची मशिनरी नेली, समजा ट्रेलरचं एकूण ७० टन झालं, तर याच सूत्राने डी १४६ होतो. आर ४६ वरून ७० झाला तरी डी फारसा वाढला नाही, कारण घोड्याचं वजन तेच धरलंय. इथेच लोकांची फसगत होते. लो-बेडमध्ये मशीन ट्रेलरच्या मानेजवळ (पिनेकडच्या पुढच्या भागात) ठेवलं की आधी यू २० च्या वर जातो, आणि टेबल तुटतं ते ओढण्याने नाही, वरच्या वजनाने आणि पिळाने. लो-बेडची चौकट ताठ असते. गाडी तिरकी उतरली की ती पिळते आणि सगळा पीळ टेबलाच्या दोन पायांवर येतो. अशा कामाला साडेतीनचं टेबल लागतं, शक्य तर आडवंही झुलणारं. कंटेनरला मात्र आडवं झुलणारं अजिबात नको. उंच पेटी वळणावर कलंडायला लागते.

म्हणून दोन वाटा. लो-बेडवर फक्त प्लेटा आणि ५५ च्या आतलंच वजन असेल, तर त्याचीच पिन २ इंची करा. बोल्टने बसवलेली पिन असेल तर काही कंपन्यांच्या दोन्ही मापांच्या पिना एकाच बैठकीवर बसतात, पिनेवरचा नंबर घेऊन कंपनीकडे खात्री करा. वेल्डची पिन असेल तर खालची प्लेट कापून पुन्हा बसवावी लागते. ते रस्त्यावरच्या गॅरेजचं काम नाही, ट्रेलर बनवणाऱ्याकडेच न्या. आणि मशिनरी खरोखरच येत असेल तर पिनेला हात लावू नका, त्या खेपेपुरता साडेतीनचा घोडा भाड्याने घ्या.

---

चेसिसमाप

मान्य. मशिनरीला भाड्याचा घोडा हेच बरं.

आता जागा. बोगीच्या बरोबर मध्यावर टेबल म्हणजे १९ च्या १९ टन बोगीवर. तिचे स्वतःचे ४ धरून २३ झाले, परवानगी २१ ची. पुढचा अ‍ॅक्सल मात्र ५ वरच राहिला. काट्यावर एकूण वजन बरोबर असूनही बोगीला दंड बसतो, शिवाय पुढची चाकं हलकी असल्यामुळे पावसात स्टिअरिंग फिरवलं तरी घोडा सरळच घसरत जातो.

टेबल बोगीच्या मध्यापुढे सरकवलं की वजन पुढे जातं. पुढे गेलेलं वजन = यू × सरकवलेलं अंतर ÷ व्हीलबेस. तुम्हाला पुढे २ टन पाठवायचे आहेत. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलपासून बोगीच्या मध्यापर्यंतचं अंतर किती, ते मोजून कळवा.

---

तळोजा_ट्रेलर

सगळ्यांचे मनापासून आभार. लो-बेडची पिन बोल्टची आहे, नंबर घेऊन चौकशी करतो. व्हीलबेस ३९०० मिमी. चेसिसची वरची कड भरल्यावर जमिनीपासून १०२० मिमी. स्केलेटल सपाट उभा असताना त्याच्या पिनेची प्लेट १२५० मिमी.

---

चेसिसमाप

२ × ३९०० ÷ १९ = ४१० मिमी. म्हणजे टेबलाचा मध्य बोगीच्या मध्यापुढे साधारण ४०० मिमी. तिथे पुढे ७ आणि बोगीवर २१ जवळपास अचूक बसतात. 'पुढे घेतलं की बरं' म्हणून कोणी ८०० वर नेलं तर पुढचा अ‍ॅक्सल ८.९ टनांवर जाईल. तेही चूकच.

पुढे सरकवल्यावर केबिन तपासा. पिनेपासून ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. रुंदी २.५ मीटर आणि पिन पुढच्या कडेपासून १ मीटर मागे असेल तर कोपरा १.६ मीटरच्या वर्तुळात फिरतो. पिनेपासून केबिनच्या पाठीपर्यंत, एअर क्लीनर आणि पाइप धरून, त्याहून निदान १५० मिमी जास्त जागा हवी. लो-बेडची मान लांब असते, तिचं वेगळं मोजा. मागेही बघा, घोड्याच्या चेसिसचं टोक वळताना ट्रेलरच्या उभ्या स्टँडला लागता कामा नये.

उंची: १२५० वजा १०२० म्हणजे २३० मिमी भरायचे आहेत. चेसिसवर १२ मिमीची बैठकीची प्लेट धरली तर २१८ उरतात. टेबलं ठरावीक उंचीतच येतात. १८५ घेतलं तर ट्रेलरचं नाक ३३ मिमी खाली, २२५ घेतलं तर ७ मिमी वर. २२५ घ्या. नाक खाली झुकलं की ट्रेलरच्या तीन अ‍ॅक्सलपैकी पुढच्यावर जास्त वजन येतं आणि तेच टायर आधी जातात. उंच कंटेनर २८९६ मिमीचा असतो. १२५७ वर चौकटीची मान समजा १५० धरली तर माथा ४.३ मीटरवर. एमआयडीसीतल्या पाइपरॅकखाली आणि कारखान्यांच्या कमानींखाली हे माप ड्रायव्हरला तोंडपाठ हवं.

बसवताना चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही आणि वेल्डही नाही. भोकं फक्त उभ्या बाजूला, अँगल लावून. टेबलाच्या पायांपुढे आणि मागे बैठकीच्या प्लेटवर ठोकळे वेल्ड करून घ्या, म्हणजे ब्रेकचा धक्का बोल्टांवर न येता ठोकळ्यांवर जाईल. बोल्ट सगळे नवे, कंपनीने दिलेल्या दर्जाचे, आणि टॉर्क रेंचनेच आवळलेले. हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नव्या प्लेटवरचा रंग दबतो आणि बोल्ट सैल पडतात, ही नेहमीची गोष्ट आहे.

---

उरण_ग्रीसगन

सेकंडहँडबद्दल. घ्यायचंच असेल तर आधी टेबल डिझेलने धुऊन घ्या. ग्रीसखाली तडे लपतात. पायांच्या पिनांभोवती आणि जबड्याच्या बैठकीभोवती बघा, शंका आली तर तड्याची रंगाची चाचणी करा, खर्च फार येत नाही. वेल्डने डागडुजी केलेलं बिडाचं टेबल कितीही स्वस्त असो, नको. क्षमतेची पट्टी नसेल किंवा नंबर घासलेला असेल तरी नको. हिशेब कशावर करणार? वरच्या प्लेटवरचे खोल चर, झिजलेला जबडा आणि रिंग बदलता येतात, पण त्या किटची किंमत धरा आणि मग 'निम्मी किंमत' कितीला पडते ते बघा.

त्याहून मोठी गोष्ट अजून कोणी बोललं नाही. टेबल नवं आणता, पण पिना जुन्याच! तुम्ही सांगितलेला धक्का अर्धा पिनेचाही असू शकतो. व्हर्नियर घ्या. २ इंचीची मान ५०.८ ची ४९ मिमी झाली किंवा वरची, प्लेटजवळची कॉलर ७३ ची ७१ झाली की पिन बाद. साडेतीनची मान ८९ वरून ८६, वरची कॉलर ११४ वरून ११२. पिन गोल झिजत नाही, ओढीच्या बाजूने चपटी होते, म्हणून दोन दिशांनी मोजा. गुण्या लावून ती प्लेटला काटकोनात आहे का तेही बघा. वाकलेली पिन गॅसने तापवून सरळ करायची नाही, बदलायची. झिजलेल्या पिनेवर वेल्डचा भर घालून लेथवर उतरवून देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. वेल्डच्या उष्णतेने पिनेच्या पोलादाचे गुण जातात, आणि ती काही न सांगता तुटते.

ग्रीस: लिथियमचं ईपी-२, मॉलिब्डेनम असलेलं. दिवसात चार-पाच वेळा जोडणं-सोडणं असेल तर दर आठवड्याला, जुनं खरवडून मग नवं. वरून थापत राहिलात तर खालचा वाळू-ग्रीसचा लगदा पॉलिश पेपरसारखं काम करतो. उरणच्या खाऱ्या हवेत आणि जून ते सप्टेंबरच्या पावसात ग्रीस धुऊन जातं, तेव्हा मध्ये एकदा जास्त. कोरडं टेबल ओळखायचं कसं? वळण संपलं तरी स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि पुढचे टायर कडेने खातात.

---

तळोजा_ट्रेलर

तिन्ही पिना उद्याच मोजतो. नव्या टेबलाला ट्रेलर जोडताना ड्रायव्हरला काय वेगळं सांगायचं?

---

उरण_ग्रीसगन

एकच चूक सगळ्यात महाग पडते: ट्रेलर उंच उभा असताना घोडा खाली घालणं. तेव्हा जबडा मानेऐवजी कॉलरखाली अडकतो, हँडल आत गेल्यासारखं वाटतं, आणि पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर ट्रेलर सुटतो.

ट्रेलरची प्लेट टेबलापेक्षा थोडी खाली हवी, फार तर ५० मिमी, म्हणजे घोडा मागे येताना ट्रेलर किंचित उचलला जातो. मागे सरळ यायचं, तिरकं नाही. मग खाली उतरून टॉर्च मारायचा: टेबल आणि प्लेट यांच्यात फट दिसता कामा नये, पलीकडचा उजेड दिसला तर पुन्हा सोडून जोडायचं. हँडल पूर्ण आत, सुरक्षा क्लिप लागलेली. मग एअर पाइप आणि वायर जोडून, ट्रेलरचे ब्रेक धरून, पहिल्या गिअरमध्ये हलकी ओढ द्यायची. ही ओढ उंच अडकलेली पिन पकडतेच असं नाही, म्हणून टॉर्च आधी, ओढ नंतर. स्टँड सगळ्यात शेवटी उचलायचे. पिन पकडली नसेल तर ट्रेलर निदान स्वतःच्या पायांवर राहतो.

पहिल्या महिन्यात जबडा पिनेशी बसतो आणि थोडी ढील येते. ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हळू पुढे-मागे करा, कोणीतरी बाजूने बघू दे. २–३ मिमीपेक्षा जास्त हललं तर समायोजनाचा स्क्रू फिरवा. तो टेबलाच्या कोणत्या बाजूला आहे हे आणतानाच दुकानदाराला दाखवायला सांगा, बसवल्यावर ग्रीसमध्ये सापडत नाही.