गर्दची पुडी सापडली: खटला की उपचार? (एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, कलम ६४अ)

कलमवाचक
सेवनाच्या (कलम २७) किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातल्या व्यसनी आरोपीने स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही, असं कलम ६४अ सांगतं. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइन (गर्द हे त्याचंच भेसळीचं रूप) ५ ग्रॅम, चरस १०० ग्रॅम, गांजा १ किलोपर्यंत. तरी एका पुडीसाठीही पंचनामा, मुद्देमाल सील, नमुना प्रयोगशाळेत, मग दोषारोपपत्र आणि तारखांवर तारखा. शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष! पहिल्याच हजेरीला दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला ६४अ समजावून सांगणं सक्तीचं करा.

तपासटिपण
विरोध. विकणारे मुद्दामच अंगावर ५ ग्रॅमच्या आत माल ठेवतात, उरलेला दुसरीकडे. पकडला की प्रत्येक जण ‘मी व्यसनी’ म्हणणार. गुन्हाच मागे पडला तर माल कुठून आला ते कोण सांगेल?

नाडीपरीक्षा
ब्राऊन शुगरचं, म्हणजे गर्दचं, व्यसन लपत नाही. शेवटचा डोस घेतल्यावर साधारण ८ ते १२ तासांत टर्की लागते, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास सुरू होतो: जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, पोटात कळा, विस्फारलेल्या बाहुल्या. म्हणजे कोठडीतल्या पहिल्या रात्रीच कळतं. डॉक्टरांनी तेव्हाच तपासून वेळेसकट लिहून ठेवलं पाहिजे. लघवीच्या चाचणीतून सेवन कळतं, व्यसन नाही. आठवडा गेला की लक्षणं ओसरतात आणि कोर्टात दाखवायला कागद उरत नाही. शिवाय तुरुंगात नशा सुटली की शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो. या मृत्यूंचा विचार तपासात कुणीच करत नाही, याचा मला राग येतो.

तपासटिपण
गर्दचं ठीक. गांजाला टर्कीची अशी खूण नाही, तिथे काय करणार?

फिर्यादीपलीकडे
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. ६४अ फक्त व्यसनीला. कधीमधी ओढणाऱ्याला नाही. म्हणजे कमी गुंतलेल्यावर खटला, जास्त गुंतलेल्याला सूट! आणि उपचार ‘पूर्ण’ केले नाहीत तर सूट काढून घेता येते, पण पूर्ण म्हणजे किती, हे कलमात नाही. अंगातली नशा उतरवायला एक-दोन आठवडे पुरतात, ब्युप्रेनॉर्फिनच्या (हेरॉइनची ओढ थोपवणाऱ्या औषधाच्या) गोळ्या मात्र कित्येकांना वर्षानुवर्षं लागतात. अशा माणसाच्या डोक्यावर टांगती तलवार कुठवर? पोर्तुगालने २००१ पासून दहा दिवसांच्या वापरापर्यंतचा साठा फौजदारीतून काढला. माणूस तीन सदस्यांच्या आयोगापुढे जातो, व्यसनी असो वा नसो. मला तेच हवं.

कलमवाचक
कायदा बदलेपर्यंत आहे ते तरी वापरूया. तपासटिपण, पळवाट वाटते तेवढी रुंद नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या हिरा सिंग निकालानंतर (२०२०) भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरतात. गर्दमध्ये हेरॉइन थोडं, भर जास्त. ६ ग्रॅम भरलं की ६४अ संपलं आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत.

तपासटिपण
मग माझी एक अट. वजनकाटा, सारख्या मापाच्या बांधलेल्या पुड्या किंवा गिऱ्हाइकांचे हिशेब सापडले, तर ६४अचा अर्ज तपास अधिकाऱ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय मंजूर होऊ नये. नुसती ओढायची पन्नी आणि एक पुडी असेल, तर केंद्रात पाठवायला माझी हरकत नाही.