पेडल बदलण्याचे पत्र आले आहे. तोवर शाळेची बस चालवावी की उभी करावी?

घाटाखालचा पालक (तेलगाव परिसर):
आमची मुले ज्या दोन बसमधून धारूरच्या शाळेत जातात, त्यांच्या मालकास गेल्या आठवड्यात बस बनवणाऱ्या कंपनीचे पत्र आले. पाय उचलल्यानंतरही एक्सलेटरचे पेडल कधीकधी पूर्ण वर न येता अर्ध्यावर अडकते, म्हणून बस अधिकृत सेवा केंद्रात आणून पेडलचा संच विनामूल्य बदलून घ्यावा, असा त्याचा आशय आहे. केंद्र लातूरला, आणि सुटा भाग यायला तीन आठवडे लागतील, असे तेथून कळले. मालकाने पत्राची घडी करून ते समोरच्या खणात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे बस सोडली.

माझे मत असे आहे की संच बदलेपर्यंत दोन्ही बस उभ्या कराव्यात. परवा संध्याकाळी मी चालकाशेजारी बसून धारूरचा घाट उतरलो. अरुंद रस्ता, समोरून उसाचा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे दोन ट्रॉल्या. अशा ठिकाणी चालकाने दोनदा बुटाचे टोक पेडलखाली घालून ते वर उचलले. विचारले तर म्हणाला, "काका, गाडी उभी राहिली की जरा जड येतंय, मंग व्हतंय मोकळं." २०११ च्या स्कूल बस नियमावलीप्रमाणे आमच्या शाळेत परिवहन समिती आहे आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष आहेत, त्या समितीने हा निर्णय घ्यावा.

एक शिक्षिका (धारूर):
दादा, तुमची काळजी मला समजते, परंतु मी तुमच्याशी सहमत नाही. तीन आठवडे बस उभी राहिली तर मुले घरी बसणार नाहीत. ती फाट्यावरून काळीपिवळीत बसतील. तिच्या आत चौदा-पंधरा जण असतात, दोघे मागच्या शिडीला लोंबकळतात आणि तिच्या पेडलची, ब्रेकची, टायरची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. पत्र आलेली बस थांबवून पत्र न येणाऱ्या जीपमध्ये मुले कोंबणे ही सुरक्षितता कशी?

दुसरी गोष्ट या दिवसांत अधिक गंभीर आहे. घाटाखालची निम्मी घरे ऊसतोडीला गेली आहेत आणि मुली आजीजवळ राहिल्या आहेत. मुलगी पंधरा दिवस घरी दिसली की आजी फोन करते, मग बाप तिला घेऊन जातो आणि ती कारखान्याच्या पडावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तळावर, कोपीत (झोपडीत) धाकटे भावंड सांभाळत बसते. दिवाळीनंतर अशा गेलेल्या मुलींपैकी किती परत वर्गात दिसतात, ते आम्ही दरवर्षी हजेरीपटावर पाहतो.

अभियांत्रिकीचा अध्यापक (नांदेड):
बाईंच्या बाजूने एक दाखला देतो. जानेवारी २०१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत अडकणाऱ्या पेडलसाठी सुमारे २३ लाख मोटारी परत बोलावल्या. पेडलमधला घर्षण देणारा भाग झिजून आणि ओलाव्यामुळे चिकटत होता. उपाय म्हणून त्यात पोलादाचा एक छोटा तुकडा बसवण्यात आला. त्या वेळी कंपनीने आठ मॉडेलांची विक्री थांबवली, परंतु लोकांच्या दारातल्या सगळ्या मोटारी काही एका दिवसात रस्त्यावरून उतरल्या नाहीत. दोष संभवतो म्हणजे तो प्रत्येक गाडीत प्रकट होतोच, असे नाही.

निवृत्त यंत्रकार (चिकलठाणा):
मी एसटीच्या चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेत काम केले आहे, म्हणून यंत्रापुरते बोलतो. जुन्या गाडीत पेडलपासून इंधनपंपापर्यंत सळई किंवा केबल असे. ती अडकली तर मेकॅनिक डोळ्यांनी पाहून सांगू शके. आताच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीत पेडलमधून केवळ विजेचा संकेत जातो. त्यासाठी पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि दोघांचे म्हणणे जुळले नाही, तर संगणक इंजिनाची ताकद आपणहून कमी करतो. ही व्यवस्था चांगली आहे, परंतु या दोषापुढे ती आंधळी आहे. पेडलच अर्ध्यावर राहिले तर दोन्ही सेन्सर एकमुखाने सांगतात की चालकाचा पाय दाबलेला आहे. संगणकाला त्यात काही खोट दिसत नाही आणि समोर दिवाही पेटत नाही. काही गाड्यांत ब्रेक दाबताच एक्सलेटरचा संकेत तोडण्याची सोय असते. आपल्या बसमध्ये ती आहे का, हे सेवा केंद्राला विचारून घ्यावे.

चालकांनाही एक गोष्ट आजच सांगावी. गाडी रेस धरून बसली की घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो; हवेच्या ब्रेकमध्ये अशा प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते. क्लच पूर्ण दाबावा, गिअर न्यूट्रलला आणावा आणि ब्रेक एकदाच ठाम दाबून गाडी थांबेपर्यंत धरून ठेवावा. इंजिन कितीही ओरडले तरी त्याची ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही.

प्राध्यापक महाशय म्हणतात की दोष प्रत्येक गाडीत प्रकट होत नाही. मान्य. पण या पालकांच्या बसमध्ये चालक बुटाने पेडल उचलतो आहे, म्हणजे तो प्रकट झालेला आहे. ती बस आजच उभी करावी. दुसरीचे इंजिन बंद ठेवून, पेडलखालचे गोणपाट काढून, पेडल हाताने तळापर्यंत वीस वेळा दाबून सोडावे. एकदाही ते रेंगाळले तर तीही हलवू नये. (हे गोणपाट स्वतःही पेडल अडकवते. धूळ बसू नये म्हणून अंथरतात आणि तेच दुमडून पेडलखाली जाते.)

बसमालक (अंबाजोगाई):
मालकांना दोष देणे सोपे आहे. तुमच्या मालकास निदान पत्र तरी आले. माझी बस पुण्याकडून आलेली, तिसऱ्या हाताची आहे. तिच्याविषयी पत्र निघाले असेल तर ते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेले असेल. बस महिनाभर उभी ठेवली तरी हप्ता, विमा आणि चालकाचा पगार थांबत नाही, आणि शाळा त्या महिन्याचे पैसे देत नाही. माझ्या गाडीचे पेडल ढिले वाटले तेव्हा मी येथेच कडक स्प्रिंग टाकून घेतली. दोन वर्षे झाली, तक्रार नाही.

निवृत्त यंत्रकार (चिकलठाणा):
मालक, कडक स्प्रिंगने चालकाचा पाय भरून येतो आणि आतला झिजलेला भाग तसाच राहतो. तो चिकटला की तुमची स्प्रिंगही तेथेच थांबेल.

वकील (परभणी):
कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. बससारख्या मोठ्या प्रवासी वाहनांच्या बाबतीत वार्षिक विक्रीच्या ३ टक्के इतक्या तक्रारी आल्या की ही प्रक्रिया सुरू होऊ शकते, आणि सरकारला असा आदेश द्यावा लागला तर कंपनीस १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी आहेत. मोठ्या शहरांत वापरून झालेल्या बस आपल्याकडे शाळेच्या पिवळ्या रंगात येतात तोवर त्यांतल्या कित्येकांची ही मुदत संपलेली असते. अंबाजोगाईच्या मालकांची खरी अडचण ती आहे.

प्राध्यापकांनी टोयोटाची अर्धीच गोष्ट सांगितली. दोषांविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल त्याच कंपनीला मार्च २०१४ मध्ये अमेरिकेत १२० कोटी डॉलर भरावे लागले. येथे तर कंपनीने दोष लेखी कळवला आहे. आता अपघात झाला तर ते पत्र मालकाच्या विरोधात वाचले जाईल, आणि समितीला ते ठाऊक असेल तर शाळेच्याही.

घाटाखालचा पालक (तेलगाव परिसर):
काल सायंकाळी मुख्याध्यापकांसमोर यंत्रकार काकांची चाचणी केली. पहिल्या बसचे पेडल बाराव्या वेळी तळाशी राहिले आणि बोटाने उचलल्यावर वर आले. दुसरीचे वीसही वेळा सरळ परतले. दोन्ही बस थांबवण्याचा माझा आग्रह मी सोडतो, परंतु पहिली बस मुले घेऊन घाटात जाऊ देणार नाही. दुसऱ्या बसने दोन फेऱ्या कराव्यात आणि चालकाने ही चाचणी रोज सकाळी करून वहीत सही करावी, असे मी समितीपुढे मांडणार आहे. जादा डिझेल कोणी भरायचे, यावर मालक अजून अडून बसले आहेत.

एक शिक्षिका (धारूर):
दोन फेऱ्यांना माझी हरकत नाही. परंतु पहिली फेरी सव्वासहाला घाटाखालून निघेल, तेव्हा बाहेर अंधार असेल. फाट्यावर थांबणाऱ्या मुलींसोबत त्या वेळी गावातले कोण उभे राहील, त्यांची नावेही त्याच ठरावात लिहून घ्यावीत.