कमी बोलणं की कमी ऐकू येणं?

उतारवयात चारचौघांत कमी बोलावं, ऐकण्याची भूमिका घ्यावी, असं इथल्या चर्चेत दोघा-तिघांनी लिहिलंय. सल्ला पटतो. पण गप्प बसलेला प्रत्येक म्हातारा शहाणा झालाय म्हणून गप्प असतो असं नाही. बऱ्याचदा त्याला समोरचं नीट कळलेलंच नसतं. वयामुळे ऐकू येणं सरसकट कमी होत नाही, आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ विरतात, स्वर मात्र शाबूत राहतात. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. 'सात वाजता' की 'आठ वाजता', यात माझा हमखास घोळ होतो. त्यात टीव्ही चालू आणि चौघं एकदम बोलत असले की संपलंच. दोनदा 'काय?' विचारतो, तिसऱ्यांदा नुसती मान डोलावतो. घरच्यांना वाटतं, बाबा अलिप्त झाले!

ओरडून बोलण्याचा उपयोग नाही. स्वर तेवढे मोठे होतात आणि कानठळ्या बसतात (हळू ऐकू येत नाही, मोठं सोसत नाही, असा या कानांचा कारभार). समोर येऊन, उजेडात, जरा सावकाश बोललं तर ओठांवरून बरंच उमगतं. श्रवणयंत्राचंही सावकाशीनंच घ्यावं लागतं. सुरुवातीला भांड्यांचा, अगदी कागदाचाही आवाज अंगावर येतो आणि बरेच जण ते खणात टाकून मोकळे होतात. मेंदूला त्या आवाजांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर रोज थोडा थोडा वेळ वाढवत लावायचं आणि यंत्र देणाऱ्याकडे परत जाऊन आवाजाची जुळणी करून घ्यायची.