हाफ डोमच्या तारा काढून टाकाव्यात का?

कातळवेडा
अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातला हाफ डोम, म्हणजे तो घुमटासारखा कातळाचा डोंगर, परवा करून आलो. शेवटच्या 400 फुटांवर दोन्ही हातांना पोलादी तारा, थोड्या थोड्या अंतरावर खांब आणि खांबाशी एक फळी. अशाच एका फळीवर आम्ही वीस मिनिटं अडकलो, कारण वरची एक मुलगी खांबाला मिठी मारून रडत होती. तेवढ्यात कुणाची तरी पाण्याची बाटली सुटली. टण टण करत गेली ती गेलीच, पडल्याचा आवाज काही आला नाही.
माझं मत पक्कं झालं: तारा काढा. सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संस्थेने त्या 1919 मध्ये लावल्या. पण 1984 पासून हा भाग कायद्याने राखलेलं रान आहे, तिथे हे लोखंड कशाला? ज्याला कातळ चढता येतो त्याने चढावं.

निवांत
वा! स्वतः तारा धरून वर जाऊन आलात, आता मागच्यांची शिडी काढा म्हणताय. माझी आई 61व्या वर्षी गेली. सहा महिने बिल्डिंगचे जिने चढली-उतरली, परवान्याच्या सोडतीत तिसऱ्या वर्षी नंबर लागला. उद्या कळसूबाईच्या शिड्याही काढायला सांगाल.

कातळवेडा
टोमणा मान्य. पण कळसूबाईला वर देवी आहे, नवरात्रात अख्खी गावं जातात. हाफ डोमवर कुणाची जत्रा? आणि कोलोरॅडोतलं लाँग्स पीक बघा, 14,259 फूट. तिथेही उत्तर बाजूला 1925 मध्ये तारा लावल्या होत्या, 1973 मध्ये काढल्या. शिखर ओस नाही पडलं.

गुडघेदुखी
तुलना गंडलीये. लाँग्सला कीहोल नावाची दुसरी वाट आहे, कोरड्या दिवसांत दोराशिवाय जाता येतं. हाफ डोमला अशी दुसरी बाजूच नाही. आणि राखलेल्या रानाचं म्हणाल, तर 1875 मध्ये जॉर्ज अँडरसन पहिल्यांदा वर पोचला तोच मुळी कातळाला भोकं पाडून, त्यात लोखंडी खुंट्या ठोकून.

शंकासूर
तारांवरून कशाला भांडताय? परवाने नव्हते तेव्हा सुटीच्या दिवशी हजारावर माणसं चढायची, आता दिवसाला साधारण 300. गर्दी आटोक्यात आली. खरी भीती पावसाची. हजारो बुटांनी घासून तो कातळ गुळगुळीत झालाय, ओला झाला की पाय ठरत नाही. पण सोडतीत नंबर लागलेला माणूस ढग बघून मागे फिरत नाही. पुन्हा कधी मिळणार, हेच डोक्यात.
कातळवेडा, तुमच्या दिवशी ढग होते का हो?

कातळवेडा
होते. उतरताना चार थेंबही पडले.

निवांत
आणि तरी वर गेलात?

कातळवेडा
गेलो. चौथ्या वर्षी लागला होता नंबर.