४८ तासांवर बसवलेलं मॉडेल १० दिवसांना तोंडघशी का पडतंय?

परागकण:
कीटकनाशक पाकातून पोटात गेल्यावर मधमाश्या किती तगतात, याचं मॉडेल करतेय (गट्स, म्हणजे विष किती आणि किती वेळ यावरून जगण्याची शक्यता काढणारं मॉडेल; त्यातला एसडी प्रकार, म्हणजे आतली इजा एका उंबरठ्यापुढे गेली की मरण्याची शक्यता वाढत जाते). अ‍ॅक्यूट, म्हणजे एकदाच विष देऊन ४८ तास बघायच्या चाचणीवर (ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेची पद्धत क्र. २१३) फिटिंग झकास बसलं. तेच पॅरामीटर १० दिवस रोज विष द्यायच्या क्रॉनिक चाचणीला (ओईसीडी २४५) लावले, तर मधल्या डोसांना मॉडेल म्हणतं बहुतेक जगतील. पिंजऱ्यात मात्र आठवडा सरताना पटापट मेल्या. सर्वांत वरच्या डोसाला उलटंच, मॉडेल जास्त मारतंय. इनपुट पाकातलं कॉन्सन्ट्रेशन. कंट्रोलमधली (विष न दिलेल्या माश्यांची) मर अ‍ॅबटच्या सूत्राने काढून टाकली. गाइड म्हणतात, क्रॉनिक वेगळं फिट कर आणि मोकळी हो. मला काही ते पटत नाही.

पिंजरेवाला:
पटू देऊ नकाच. माशी तीच, विष तेच, मग पॅरामीटर दोन कशाला?

आधी वरचा डोस बघा. पाकात काय आहे ते सोडा, पोटात किती गेलं ते सांगा. जहाल पाक माश्या नीट खातच नाहीत. फीडरचं रोजचं वजन असेलच; रिकाम्या पिंजऱ्यातल्या फीडरमधून उडालेलं पाणी वजा करा आणि जिवंत माश्यांनी भागा. मेलेल्यांना जेवायला वाढू नका, हा घोळ फार जण घालतात.

आता मधले डोस. २१३ मध्ये विषारी पाक काही तासच, पुढे साधा पाक. पण सगळा पाक लगेच आतड्यात उतरत नाही, मधाच्या पोटळीत साठून हळूहळू पुढे सरकतो. म्हणजे इनपुट उतरत जाणारं घ्यायला हवं; २०२२ च्या बीगट्समध्ये (मधमाश्यांसाठीचं गट्स) हेच केलंय. तुम्ही पूर्ण ४८ तास एकच कॉन्सन्ट्रेशन धरलं असेल, तर उंबरठा फुगून बसणार. आणि शरीरातली दुरुस्ती अगदी संथ असेल, तर रोजची थोडी थोडी इजा साचत जाते. ती ४८ तासांत दिसणार कुठून?

आलेखवेडा:
पिंजऱ्यात त्या एकमेकींना तोंडातून पाक भरवतात. प्रत्येकीचा डोस वेगळा, मग एसडीऐवजी गट्सचा आयटी प्रकार बरा नाही का?

पिंजरेवाला:
आयटीत प्रत्येकीची सहनशक्ती वेगळी, डोस नव्हे. दोन्ही चालवून बघा, पण भरवाभरवीवर तो इलाज नाही. ती अडचण उरतेच. हाती येते ती पिंजऱ्याची सरासरी.

परागकण:
खरंच ४८ तास एकच धरलं होतं! इनपुट बदललं, वजनंही काढली. वरच्या डोसाला माश्यांनी कंट्रोलच्या निम्म्याहून कमी खाल्लंय. दोन्ही चाचण्या एकत्र फिट केल्यावर मधले डोस जागेवर आले. आता दुरुस्तीचा वेग आणि उंबरठा दोन्ही शून्याकडे घसरतायत, त्यांच्या विश्वासमर्यादा काही ठरत नाहीत.

पिंजरेवाला:
इजा नुसती साचतच असेल, तर डेटातून त्या दोघांचं गुणोत्तरच कळतं, सुटे आकडे नाही. गुणोत्तराची विश्वासमर्यादा द्या. त्यांना वेगळं करायचं असेल तर काही दिवस विष, मग साधा पाक, अशी चाचणी लागेल. आणि ते अ‍ॅबट काढा. नैसर्गिक मर मॉडेलमध्येच बसवा, तीही चाचणीगणिक वेगळी. २४५ मधल्या माश्या जेमतेम दोन दिवसांच्या असतात, २१३ मधल्या सहसा तशा नसतात.

परागकण:
गाइडना गुणोत्तराचा आलेख पाठवलाय. साध्या पाकाच्या टप्प्याचं विचारते.